दोन नव्व्या

अहो, घरी माणसं येतात, चहाला नको म्हणतात, थोडा वेळ भिंतीकडं बघत बसतात आणि उठताना मला हळूच सांगतात की बालाजीनं लगेच दवाखान्यात जायला पाहिजे होतं. सकाळपासून छातीत दुखतंय म्हणल्यावर थांबायचं कशाला? मी मान हलवते. त्यांना काय सांगू, की लग्न झाल्यापासून ह्या घरात ‘थांबा’ म्हणायचं काम माझं होतं आणि न थांबायचं तुमचं.

त्या दिवशी मात्र तुम्ही थांबलात. दुकानात एक जळालेली मोटार उघडून ठेवलेली होती. ज्या विहिरीची ती मोटार, त्याच विहिरीवरून टँकर भरायचे, आणि मोटारीचा मालक बाकड्यावर बसून होता. तुम्ही मला फोन केलात, की पित्त झालं असल, सोडा पिलोय. मी म्हणलं, आधी डॉक्टरकडं जा. तुम्ही म्हणालात, “ही मोटार देतो आन जातो. गाव बसलंय पाण्याला.” मोटार दिलीत. ती चालू पण झाली. तुम्हाला रिक्षात घातलं तेव्हा तुमच्या हाताला वॉर्निशचा वास होता. दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं तुमच्या डोळ्यांत बॅटरी मारली, आणि मग माझ्याकडं न बघता कंपाउंडरकडं बघितलं.

माणसं गेल्यावर मी एकटी बसते आणि तुमच्याशी भांडायला लागते. सवय हाय. आणि भांडायला घेतलं की आपण दोघं शेवटी गोव्यातल्या त्या टेबलावरच जातो.

कारखान्याचं बॉयलर त्या साली पेटलंच नाही. दसऱ्याच्या आधी पूजा व्हायची, चेअरमन यायचे, गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडायची आणि कॉलनीतल्या पोरांना पेढे मिळायचे. त्या साली ऊसच नव्हता. कारखान्याचं तळं तळाला जाऊन भेगाळलं. परळीच्या थर्मल वीज केंद्राला पण पाणी पुरेना म्हणून तेही बंद पडलं. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडेना, तर शेजारच्या बाया खूश झाल्या. तुम्ही म्हणालात, “राख पडत होती तवर बरं होतं.” तुम्ही कारखान्याचे वायरमन. कारखाना सहकारी, म्हणजे सगळ्यांचा. बंद पडला तेव्हा तो कुणाचाच निघाला नाही. तुम्हाला सांगितलं, घरी बसा, पुढच्या सीझनला बघू.

घरी बसलेले सगळे गडी पाण्याच्या टाकीखाली सावलीत पत्ते कुटायचे. आधी रमी, तीन पत्ती. मग लॅबमधल्या केमिस्टनं तुम्हाला सगळ्यांना पोकर शिकवलं. त्याच्या हॉस्टेलात चालायचं म्हणे. पैसे लावायला कुणाकडं नव्हतेच, म्हणून चिंचोके. सगळ्यांना सारखे चिंचोके द्यायचे, ज्याचे संपतील त्यानं उठायचं, शेवटी बसून राहील तो जिंकला. प्रत्येकाला हातात दोन पानं, मध्ये टेबलावर पाच सगळ्यांची. आणि दर फेरीला पाळीपाळीनं पानं न बघताच थोडे चिंचोके टाकायचे, त्यामुळं नुसतं बसून राहिलं तरी ढीग झिजायचाच. बायकांनी बघायचं फक्त. पण टँकर यायची वाट बघत घागरींपाशी बसलेली मी किती दिवस नुसतं बघणार? एकदा एक गडी लग्नाला गेला तर मी त्याच्या जागेवर बसले. तुम्ही जरा सरकून घेतलंत.

मी जास्त जिंकले नाही, पण लवकर उठलेही नाही. मी पानं टाकत, म्हणजे डाव सोडत राहायचे, दुसरे एकमेकांना खाऊन उठायचे, आणि शेवटच्या दोघांत मी असायचेच. तुमचं उलटं. तुम्ही एक तर सगळ्यांत आधी उठायचा, नाही तर सगळ्यांना घरी पाठवायचा. चिंचोके थोडे उरले की मी ते मुठीत धरायचे. तुम्ही थोडे उरले की चांगली पानं बघायचा आणि सगळे पुढं ढकलायचा. त्याला ऑल-इन म्हणायचं, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही मला म्हणालात, “तू चिंचोके राखतीस. राखून राखून बी संपतेतच की.” मी म्हणलं, संपतात, पण माझे तुमच्यानंतर संपतात.

मग तुम्ही मोबाइलवर खेळायला लागलात. फुकट प्रवेशाचे डाव असायचे, तेवढेच तुम्ही खेळायचा. टाकीच्या जिन्यावर चौथ्या पायरीला रेंज यायची, तिथं तुम्ही तासन्‌तास बसायचा. एक दिवस खाली आलात आणि पाणी मागितलंत. पाणी पिऊन झाल्यावर सांगितलंत की गोव्याला जायचंय. त्या डावांमधून निवडलेल्या माणसांना तो खेळ चालवणारी कंपनी खेळायला बोलावत होती, खरोखरच्या टेबलावर. मी म्हणलं, मी पण येणार. कंपनीनं तुमची एकट्याचीच सोय केलती. मी माहेरी चौसाळ्याला भावाला माझ्या भाड्यासाठी फोन केला, आणि पोरीला, आरतीला, तिच्या आजीपाशी ठेवून आपण निघालो.

तुमचा भाऊ दत्ता पुण्यात होता. त्यानं एका मोठ्या सोसायटीत तुमच्यासाठी काम बघून ठेवलं होतं, लाइट आणि पाण्याचे पंप बघायचं. येत्या सोमवारी हजर व्हा, न्हाई तर दुसरा माणूस घेतील, असं त्यानं सांगितलेलं. तुम्हाला जायचं नव्हतं. तुमच्या डोक्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. गोव्यात जो जितका उशिरा उठेल तितकी त्याची पायरी वर आणि तितकं बक्षीस मोठं. थोडं वरच्या पायरीवर पोहोचलो तर दुकान, नाही तर पुणं, एवढं सरळ होतं ते. बसमध्ये आपण त्यावर काही बोललो नाही. तुम्ही खिडकीतून ऊस दिसला की मोजल्यासारखं बघायचा. घाट लागल्यावर डोंगर हिरवे झाले, तेव्हा तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

हॉटेलच्या खोलीत गेल्या गेल्या मी बादली भरून ठेवली. तुम्ही हसलात. म्हणालात, इथं नळ जात न्हाई गं. तरी मी ती भरूनच ठेवली.

पहिल्या दिवशी तुम्ही टिकलात. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत टिकलात. किती माणसं उठली, किती टेबलं रिकामी झाली. बायको म्हणून मला दोरीपलीकडं उभं राहू दिलं होतं. तिथं चिंचोक्यांच्या जागी प्लास्टिकचे चकते होते. सकाळी चहा पिताना तुम्ही मला विचारलं होतं, “चकते कमी हायेत. काय करावं?” लग्नानंतर तुम्ही मला एखाद्या गोष्टीत काय करावं असं विचारल्याचं मला दुसरं आठवत नाही. मी म्हणलं, तुमच्याहून कमी असलेला एखादा असलच. त्याला आधी जाऊ द्या. एक माणूस उठला की आपली एक पायरी वर. तुम्ही म्हणालात, “हां.”

ह्या ‘हां’ वरून आपण पुढं किती भांडलो. मी म्हणायचे, तुमी हां म्हणलता. तुम्ही म्हणायचा, “हां म्हंजे आयकलं.”

शेवटचं टेबल उरलं होतं. तुमच्यासमोर चकत्यांची लहानशी उतरंड. तुमच्या डाव्या हाताला एक गुजराती म्हातारा, टोपी नाही, चष्मा दोरीला बांधलेला. त्याच्याकडं तुमच्याहूनही कमी. एक-दोन फेऱ्यांत तो उठणार हे मला पण दिसत होतं. समोर दिल्लीचा तरणा पोरगा, उलटी टोपी, आणि त्याच्यापुढं ढीगच ढीग. तो दर थोड्या वेळानं सगळं पुढं ढकलायचा. त्याला काय, हरला तरी उरत होतं. बाकीचे घाबरून पानं टाकायचे. त्या डावालाही त्यानं तेच केलं. एकेकानं पानं टाकली. म्हाताऱ्यानंही टाकली. राहिलात तुम्ही.

तुम्ही पानांचे कोपरे उचलून बघितले. मला माहीत नव्हतं काय आहे, पण तुमचा अंगठा पानावर थांबला, तेव्हा कळलं की काहीतरी आहे. नंतर सांगितलंत, दोन नव्व्या. इस्पिकची आणि बदामची.

टाकली असती तर उतरंड तेवढीच राहिली असती. म्हातारा उठला असता. पायरी वर गेली असती, आणि त्या पायरीत दुकान होतं, हे आपण बसमध्ये न बोलताच दोघांनी ठरवलेलं. डाव घेतला असता तर एक तर दुप्पट, नाही तर पुणं. तुम्ही किती वेळ बसलात मला माहीत नाही. त्या पोरानं तुमचा वेळ मोजायला घड्याळ लावायला सांगितलं, तेव्हा पानं वाटणारी मुलगी तुमच्याकडं बघून हलकं हसली, धीर दिल्यासारखं. मी दोरी धरून उभी होते. मी वाट बघत होते की तुम्ही एकदा माझ्याकडं बघाल. बघितलं असतंत तर मी मान हलवली असती, एवढं तयार होतं माझं. तुम्ही बघितलं नाहीत. उतरंड दोन्ही हातांनी उचलून पुढं ठेवलीत. ढकलली नाहीत, ठेवलीत, जेवणाचं ताट ठेवल्यासारखी.

पोरानं पानं उलटली. एक्का आणि पंजी. तुमच्या नव्व्या बघून त्यानं तोंड वाकडं केलं. पहिली तीन पानं आली, त्याच्या कामाची नव्हती. चौथं आलं, तेही नाही. पाचवं किलवरचा एक्का. त्याचे दोन एक्के झाले, नव्व्यांपेक्षा मोठे.

तुम्ही उठलात. त्या पोराशी हात मिळवला, म्हाताऱ्याशी मिळवला, त्या मुलीलाही नमस्कार केलात. दोरीखालून वाकून बाहेर आलात आणि मला म्हणालात, “चल.”  मला राग हरल्याचा आलाच नव्हता, हे मी तुम्हाला कधी नीट समजावू शकले नाही. राग न बघितल्याचा होता.

तुम्ही समुद्रात पँट भिजेपर्यंत आत गेलात. मी वाळूत उभी होते. तुम्ही वाकून ओंजळीत पाणी घेतलंत, चाखलंत, थुंकलात आणि स्वतःशीच म्हणालात, “खारटच हाय बे.” मग बराच वेळ पाठमोरे उभे राहिलात. तुमचे खांदे हलत होते. परत आलात तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल होते. म्हणालात, मीठ गेलं. मी म्हणलं, हां. आणि पदराचं टोक पुढं केलं.

संध्याकाळी तो म्हातारा हॉटेलच्या चहापाशी भेटला. तो पुढं दोन पायऱ्या चढला होता, त्यातली एक तुमच्या जाण्यानंच. त्यानं हिंदीत मला सांगितलं की तुमच्या मालकानं बरोबर केलं, मीही तेच केलं असतं. मी विचारलं, मग तुम्ही का थांबलात? तो म्हणाला, मला नव्व्या आल्या नाहीत ना. मला त्याचा लई राग आला.

सोमवारी आपण पुण्यात होतो.

त्या वर्षांबद्दल मी तुम्हाला काय सांगू, तुम्ही सोबतच होता. मीटरच्या खोलीमागची ती एक खोली. तुम्ही पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायचा आणि कोणत्या इमारतीला किती वेळ पाणी, ह्यावरून माणसं तुम्हाला वरून ओरडायची. मी खानावळीत भाकरी थापायचे. रात्री जेवताना आपला डाव सुरू व्हायचा. मी म्हणायचे, थांबला असता तर आज दुकानात असता. तुम्ही भाकरी बाजूला ठेवून पानं मांडल्यासारखे हात मांडायचा. म्हणायचा, समोरचा काही बी घेऊन ढकलतोय, माझ्याकडं दोन नव्व्या हायेत, असा डाव तीनदा खेळला तर दोनदा मीच जितीन. मी म्हणायचे, आणि तिसऱ्यांदा? तुम्ही म्हणायचा, “तिसऱ्यांदा पुणं. पर टाकली असती तर पुढच्या फेऱ्यांत होते ते चकतेबी झिजून गेले असते. मंग कशाच्या जीवावर खेळायचं?” मी म्हणायचे, निदान म्हातारा आधी गेला असता. तिथून पुन्हा पहिल्यापासून.

पाऊस झाला, ऊस आला, आणि कारखान्यातून फोन आला की बॉयलर पेटवायचंय. तुम्ही त्याच दिवशी सोसायटीचं काम सोडलंत. मी म्हणलं, एक सीझन बघू, मग जाऊ. तुम्ही तोवर किल्ल्या देऊन आला होता. दोन सीझन कारखाना चालला. तिसऱ्याला पुन्हा गेट बंद. तेव्हा तुम्ही मागंपुढं न बघता सिरसाळ्याच्या रस्त्याला एक गाळा घेतलात आणि दुकान टाकलंत. चालायला पण लागलं. विहिरीचं पाणी गेलं की मोटार कोरडी फिरते, कोरडी फिरली की जळते. दुष्काळ पडला की आपल्या दारात मोटारींची रांग लागायची. त्याची तुम्हाला लाज वाटायची. गिऱ्हाइकाशी बोलताना तुम्ही मान वर करायचा नाहीत, आणि लोकांना वाटायचं माणूस अकडू हाय.

पानं पुन्हा कधी हातात घेतली नाहीत तुम्ही. पण भांडण चालू राहिलं. सणावारी दत्ता आला की त्याच्यासमोरही व्हायचं. तो वैतागून म्हणायचा, वहिनी, कावून उकरून काढता?

चौदावा झाला. दत्ता परत गेला. काल आरती आणि मी दुकान आवरायला गेलो. तुमची पोरगी आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तांब्याच्या तारेची रिळं तिनं एका खोक्यात भरली, मी बाकडं पुसलं. मग दोघी त्या बाकड्यावर बसलो. ती म्हणाली की पप्पांनी छातीत दुखताना थांबायला नको होतं, मला शिकवतात ना, पहिला तास मोलाचा. बोलता बोलता रडायला लागली. मी तिला पोटाशी घेतलं, आणि तिला आजवर कुणी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

मी चौसाळ्याला बाळंतपणाला गेलते. सकाळी कळा लागल्या. गावातली जाणती बाई म्हणाली, वेळ हाय अजून, पहिलटकरीण हाय, थांबा. माझे वडील, आबा, म्हणाले, थांबू, संध्याकाळी डॉक्टर यायचाय. मीही म्हणत होते, थांबा. तुम्ही कारखान्यातून गाडीवर आलात, कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या तोंडाकडं एकदा बघितलंत. कुणाला विचारलं नाहीत. हायवेवर जाऊन उभे राहिलात, जाणारी जीप अडवलीत आणि घेऊन आलात. आबा दारात आडवे आले, म्हणाले, जावईबापू, माझ्या घरात माझं चालतं. तुम्ही त्यांना धरून बाजूला केलंत आणि मला उचललंत. बीडला डॉक्टरीणबाईंनी टेबलावर घेतानाच सांगितलं की अजून उशीर झाला असता तर दोन्ही जीव गेले असते. आबा त्यावर पुढं लई दिवस तुमच्याशी बोलले नाहीत, धरलं म्हणून. तुम्ही ते मनावर घेतलं नाहीत.

आरती ऐकत राहिली. मी म्हणलं, एवढी वर्षं मी तुझ्या बापाला ‘थांबायला पाहिजे होतं’ म्हणत राहिले. एकदा जरी ते म्हणले असते, की चौसाळ्याला थांबलो असतो तर? तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते कधीच म्हणले नाहीत. दर भांडणात मला वाटायचं, आता म्हणतील. पुण्यात तर रोज वाटायचं.

“आन तू?” आरतीनं विचारलं. “तू त्यांना म्हणलीस कधी, की तुमचं बरोबर होतं?”

“न्हाई.”

“कळलं होतं ना तुला?”

“कवाच.”

“मग इतकी वर्षं भांडलीस कशाला?”

अहो, आता पोरीला काय सांगायचं होतं? बाकीच्या गोष्टींत तुम्ही दिवसाला चार शब्द बोलायचा. जेवण झालं का, गिऱ्हाईक आलतं, मीठ दे, झोप. पण तो डाव निघाला की तुम्ही ताठ बसायचा, तुमचे हात हवेत फिरायचे, तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून बोलायचा, भांडी घासून होईपर्यंत बोलायचा. मी एकदा म्हणले असते, की मला पटलं, तर तुम्ही ‘हां’ म्हणून गप झाला असता.